अल्बम आख्खा ऐका, मग वही उघडा

बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीतला शेवटचा माग रात्री साडेनऊच्या सुमारास थांबतो. दिवसभर ती खटखट कानात इतकी मुरलेली असते की थांबल्यावर पाच मिनिटं काही ऐकूच येत नाहीसं वाटतं. तेवढ्यात मी चहा टाकतो, मोबाईलचं नेट बंद करतो आणि वही-पेन्सिल घेऊन माडीवर जातो. गेली सहा वर्षं शनिवारची रात्र मी एका अल्बमसाठी राखून ठेवली आहे. जॅझ असो, नाट्यसंगीत असो, कन्नड भावगीतं असोत, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत मध्ये न उठता ऐकायचं. आणि ऐकून झालं की लगेच, दुसऱ्या कुणाचंही मत वाचायच्या आधी, आपल्याला काय झालं ते लिहून काढायचं.

हे लिहिणं सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून आधीच सांगून टाकतो. गाजलेल्या अल्बमभोवती एवढं कौतुक साचलेलं असतं की ते वाचून ऐकायला बसलं तर आपण नुसती मान डोलावतो. नावडलं तर आपल्यालाच काही कळत नाही असं धरून चालतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरापोरींत ही भीती मी फार पाहिली आहे. हे मुंबई-पुण्यात वाढलेल्यांच्या कानांसाठी आहे, आपल्यासाठी नाही, असं त्यांना वाटतं. मला अगदी उलटं वाटतं. ज्याच्या एका कानावर हरिपाठ आणि दुसऱ्यावर शिशुनाळ शरीफसाहेबांची तत्त्वपदं पडत आली, त्याच्या कानाची मशागत झालेलीच असते. फक्त बसायची एक पद्धत लागते. ती खाली देतो.

आधी, अल्बम कशाला म्हणतात

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर, म्हणजे ७८च्या तबकडीवर, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत. मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्यात ठुमरी बसवली, आणि त्यांची 'पिया बिन नहीं आवत चैन' ऐकून गदगचा अकरा वर्षांचा भीमसेन गुरू शोधायला घर सोडून निघाला. तीन मिनिटांची ताकद एवढी. पुढे १९४८ साली अमेरिकेत लाँग प्ले तबकडी आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळायला लागली. तिथून कलाकार दोन बाजूंचा विचार करू लागले. सुरुवात कशानं करायची, पहिली बाजू कुठे आणून सोडायची, तबकडी उलटल्यावर काय वाजायचं. गाण्यांचा क्रमसुद्धा रचनेत आला. म्हणून आपली पहिली अट: शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमानं लावणारी सोय, बंद.

यादी आठाचीच करा

शंभर अल्बमची तयार यादी घेऊन बसू नका. दहाव्यालाच दम लागतो आणि मग ते पाढे म्हटल्यासारखं होतं. आठ घ्या, आठवड्याला एक, आणि एक ओळखीचा, एक परका असे आलटून पालटून लावा. ओळखीच्यानं कान मोकळा होतो, परक्यानं ताणला जातो.

मी नव्या माणसाला देतो ती आठाची माळ अशी. सुरुवात 'कॉल ऑफ द व्हॅली'नं, १९६७ची तबकडी: शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा एक दिवस त्यात रागांनी सांगितला आहे, पहाटेच्या अहिर भैरवापासून पहाडीपर्यंत. क्रम म्हणजे काय, हे याहून सोपं कुणी शिकवत नाही. दुसरा माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', १९५९चा, जॅझ. तिसरं गीतरामायण. ते रूढ अर्थानं अल्बम नाही. १ एप्रिल १९५५च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक गीत असं वर्षभर चाललं, ५६ गीतं, गदिमांची लेखणी आणि बाबूजींचं संगीत. पण सलग कथा म्हणून ऐकायला आपल्या भाषेत त्याच्या तोडीचं मला दुसरं माहीत नाही. एका बैठकीत संपवायचा हट्ट नको, आठवड्याला एक हीच त्याची मूळ चाल आहे. ते शेजारी चालू ठेवावं आणि बाकीची माळ पुढे न्यावी.

चौथा मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन', १९७१. पाचवी कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं. सहावा पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून', १९७३. सातवी 'नित्योत्सव', १९७८ची कन्नड कॅसेट, के. एस. निसार अहमद यांच्या कविता आणि मैसूर अनंतस्वामींच्या चाली. आठवा ग्लेन गूल्ड या पियानोवादकाचा, बाख या जुन्या पाश्चात्त्य संगीतकाराची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स', आणि तोही दोनदा, कारण त्यानं तो दोनदा ध्वनिमुद्रित केला आहे.

तुमची माळ वेगळी असू दे. फक्त निदान तीन अल्बम असे घ्या, ज्यांचं नाव ऐकूनच 'हे आपलं नव्हे' असं वाटतं.

जागा, वेळ, यंत्र

महागडं काही लागत नाही. पाचशे रुपयांचा वायरचा इअरफोन पुरे. पण मोबाईलच्या स्वतःच्या स्पीकरवर ऐकू नका, आणि तांब्यात मोबाईल उभा करून आवाज मोठा करायची आपली युक्तीही इथे चालत नाही. तांब्यात मधले सूर घुमतात, पण खर्जाचे सूर मोबाईलच्या स्पीकरमधून निघतच नाहीत. 'काइंड ऑफ ब्लू'चं पहिलं गाणं जाड तारांच्या मोठ्या बास वाद्यावर उभं आहे. मोबाईलवर ऐकलं तर दरवाजाच गायब, तुम्ही घराच्या मागच्या भिंतीला धडकता.

अल्बम आदल्या दिवशी उतरवून घ्या. खानापूरच्या पलीकडे, जांबोटीच्या बाजूला राहणाऱ्यांना कारण सांगायला नको. पावसाळ्यात वीज गेली की रेंजही जाते. अॅपमध्ये दोन गोष्टी तपासा. एक, एका गाण्याचं शेपूट दुसऱ्यात मिसळवणारी सोय शून्यावर ठेवा. दोन, अल्बम संपल्यावर आपोआप दुसरंच काहीतरी सुरू होतं, ते बंद करा. शेवटच्या सुरानंतरची शांतता ऐकणाऱ्याच्या मालकीची असते, ती कुणाला देऊ नका. शिवाय हल्लीच्या आवृत्त्यांत शेवटी जादाची गाणी जोडलेली असतात. मूळ तबकडीवर किती गाणी होती ते आधी पाहून ठेवा आणि तिथेच थांबा.

वेळ अशी निवडा की घरातलं कुणी हाक मारणार नाही. माझी वेळ माग ठरवतात. शेतावर असणाऱ्या माझ्या मावसभावाला दुपारी जेवणानंतरचा तास बरा पडतो.

पहिलं ऐकणं

एका कागदावर गाण्यांचे क्रमांक उतरवून घ्या आणि स्क्रीन पालथी घाला. ऐकताना वाक्यं लिहायची नाहीत, लिहिताना कान बंद होतो. फक्त क्रमांकापुढे तीनच खुणा: अंगावर काटा आला तर ठिपका, कंटाळा आला तर आडवी रेघ, काय चाललंय ते कळेना तर प्रश्नचिन्ह. एका गाण्यापुढे तिन्ही येऊ शकतात.

पहिली बाजू जिथे संपायची तिथे दोन मिनिटं थांबा, तबकडी उलटायला लागायची तेवढी. 'डार्क साइड'ची पहिली बाजू एका बाईच्या शब्दांवाचूनच्या गाण्यावर संपते आणि दुसरी नाण्यांच्या खणखणाटानं सुरू होते. मध्ये श्वास घेतला नाही तर तो धक्का बसतच नाही. आणि याच अल्बमबद्दल एक सूचना: सुरुवातीला छातीचे ठोके इतके हळू येतात की आपण आवाज वाढवतो. वाढवू नका. पुढे 'टाइम' या गाण्याच्या तोंडाशी एकदम डझनावारी घड्याळं घणघणतात. पहिल्यांदा मी इअरफोन उपटून फेकला होता, आणि शेजारच्या खोलीत झोपलेली आई दचकून उठली होती.

गाण्याचे शब्द कळत नसतील तर पहिल्या खेपेला शोधू नका. अर्थ आठवडाभरानं घ्या.

वही

संपलं की दिवा लावून लगेच दहा-बारा ओळी. वर तारीख, वार, वेळ, बाहेर पाऊस होता की ऊन, कशावर ऐकलं. हे नुसतं नोंदीपुरतं नाही. सहा महिन्यांनी वाचताना कळतं की कंटाळा अल्बमचा होता की त्या दिवशीच्या उकाड्याचा.

माझ्या वहीत काही शब्दांना बंदी आहे. मस्त, भारी, अप्रतिम, काळजाला भिडलं. हे शब्द लिहिले की काम झाल्यासारखं वाटतं आणि नेमकं काय झालं ते निसटतं. त्याऐवजी: कुठे झालं, कुठल्या आवाजानं झालं, आणि त्या क्षणी डोळ्यांपुढे काय आलं. तीन गोष्टी मिळाल्या की पुरे. इंग्रजी अल्बमबद्दलही मराठीतच लिहा. ज्या वाद्याला मराठी शब्द सापडत नाही त्याचा आवाज कसा आहे ते लिहावं लागतं, आणि तिथेच खरं ऐकणं सुरू होतं.

नमुन्यादाखल 'काइंड ऑफ ब्लू'ची माझी पहिली नोंद, आहे तशी:

"जुलै, शनिवार, रात्री दहा. पत्र्यावर पाऊस. १: बराच वेळ सुरूच होत नाही. जाड तारेवर कुणीतरी काहीतरी विचारतोय, बाकीचे दोनच स्वरांत 'हो... हो' म्हणतात. ३: कुणीतरी रात्री उशिरा घरी आलाय आणि दिवा लावत नाही. ४: झोप. ५: एकेक जण बोलतो, दुसरा मध्ये तोंड घालत नाही. आमच्या घरात असं कधी होत नाही."

आठवडाभरानं, दुसऱ्यांदा ऐकून:

"'हो हो' म्हणणारे टाळकरी आहेत. बुवा पुढे म्हणतो, टाळकरी झेलतात. बास हा बुवा."

दुसऱ्या नोंदीनं पहिली खोटी पडत नाही. पहिली खोडू नका, तिच्याखाली लिहा.

दुसरं ऐकणं: कान कुठे ठेवायचा

पहिल्या खेपेला सगळं अंगावर घ्यायचं, दुसऱ्या खेपेला एक काहीतरी धरायचं. कुठल्या प्रकारात काय धरावं, हे मला आपल्याकडच्याच वस्तूंनी शिकवलं.

जॅझपासून सुरुवात करू. भजनी मंडळातली पेटी मिळाली तर जवळ घ्या. पांढरी दोनवर बोट ठेवा आणि तिथून वरच्या पांढरी दोनपर्यंत फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवत जा. पांढरी दोन हा सा धरला तर ग आणि नि कोमल, बाकी शुद्ध. म्हणजे आपला काफी थाट. 'काइंड ऑफ ब्लू'मधलं पहिलं गाणं 'सो व्हॉट' याच सुरावळीवर आहे. सोळा आवर्तनं पांढरी दोनवर, मग आठ आवर्तनं सगळी सुरावळ काळी दोनवर चढते, मग आठ पुन्हा मूळ जागी. एवढाच आराखडा. त्या काळच्या जॅझमध्ये स्वरसंगती भराभर बदलत, इथे माइल्सनं त्या जवळपास काढून टाकल्या आणि वादकांना एका सुरावळीत राहून बढत करायला लावली. आपल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. माझी पेटी त्या रात्री गाण्याशी किंचित जुळत नव्हती, आणि मी पेटीलाच दोष देत होतो. पुढे कळलं की मूळ ध्वनिमुद्रणाच्या वेळी एक टेप यंत्र थोडं हळू चाललं होतं, त्यामुळे जुन्या आवृत्त्यांत पहिल्या बाजूची गाणी जराशी चढी वाजतात. १९९०च्या दशकात ती दुरुस्त झाली. पेटी जुळली नाही तर तुमच्याकडची प्रत जुनी असणार.

मग वादकांची पाळी मोजा. 'सो व्हॉट'मध्ये आधी माइल्सचा ट्रम्पेट, मग जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन, मग कॅननबॉल अॅडर्लीचा, मग बिल इव्हान्सचा पियानो. दोन सॅक्सोफोन ओळखता येतात का बघा. कोल्ट्रेन जड आवाजाचा, एकाच जागी खणत राहणारा. अॅडर्ली पाऊस थांबल्यावर गल्लीत धावत सुटलेल्या पोरासारखा. हा फरक मला चौथ्या ऐकण्यात कळला, पण त्यानंतर कधी चुकला नाही.

रॉककडे येताना ताल धरा. 'डार्क साइड'मधलं 'मनी' सात मात्रांचं आहे. ती ती ना, धी ना, धी ना म्हणत रूपक धरा, बरोबर बसतो. शेजारचे मागवाले काका कन्नड बोलणारे, पाश्चात्त्य गाणं त्यांनी कधी ऐकलेलं नाही. एकदा माडीवर चहाला आले तेव्हा हे गाणं स्पीकरवर चालू होतं. मान एका बाजूला करून थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "ह्याचा एक ठोका कमी पडालाय की रे." चाळीस वर्षं धोट्याचा आवाज ऐकलेला कान तो. एक ठोका चुकला तर दोरा तुटला, हे त्यांना झोपेतही कळतं. आठाची सवय असलेल्या कानाला सातवर परत फिरलेलं गाणं असंच ऐकू येणार. पुढे गिटारची पाळी येते तिथे ठेका सातावरून चारावर जातो. तिथे काका म्हणाले, "आता सरळ चालालाय." त्या दोन वाक्यांइतकी नेमकी नोंद माझ्या वहीत दुसरी नाही.

त्याच अल्बममधलं ते शब्दांवाचूनचं गाणं क्लेअर टोरी या गायिकेनं एका रविवारी येऊन म्हटलं. तिला शब्द दिले नव्हते. मृत्यूबद्दलचं आहे एवढं सांगितलं आणि आवाज वाद्यासारखा वापर म्हटलं. त्या दिवसाचे तिला ३० पौंड मिळाले. रचनेतल्या वाट्यासाठी तिला तीस वर्षांनी कोर्टात जावं लागलं. हे सगळं दुसऱ्या ऐकण्यानंतर वाचा. आधी तो आलाप तुमच्यापर्यंत कसा येतो ते बघा. माझ्या पहिल्या नोंदीत लिहिलं आहे: "स्मशानातून परत येणाऱ्या बायका." मला तेव्हा विषय माहीत नव्हता.

'व्हॉट्स गोइंग ऑन' मात्र बेळगावात वेगळा ऐकू येतो. लढाईवरून घरी परतलेला जवान आपल्या गावाकडे बघतो आहे, अशी त्या अल्बमची बैठक. मार्विन गेचा भाऊ व्हिएतनामहून परत आला होता. आपल्याकडे मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र आहे, घरटी नाही तरी गल्लीटी एखादा फौजी आहेच. सुट्टीवर आलेला मामा अंगणात खुर्ची टाकून नुसता बसून राहायचा, कुणी विचारलं तर "काय नाही" म्हणायचा, ते मी लहानपणी पाहिलं आहे. हा अल्बम ऐकताना मामाची पाठ दिसते. दुसऱ्या ऐकण्यात मार्विनचे दोन आवाज धरा. मुख्य सूर त्याचाच, आणि मागून बोलणारा, दाद देणारा, कधी पुढे जाणारा आवाजही त्याचाच. गाणीही एकमेकांत ओवलेली आहेत, मध्ये पाऊल टाकायला फट नाही. म्हणून इथे ते मिसळवणारं सेटिंग बंद असणं फार गरजेचं.

रेगे या जमैकातल्या संगीताबद्दल थोडक्यात. बॉब मार्लेकडे जाल तेव्हा सम शोधू नका. 'वन ड्रॉप' ठेक्यात पहिली मात्रा रिकामी सोडतात आणि ढोलाचा घाव तिसरीवर पडतो. रूपकात समेवर खाली असते ना, तसा कान ठेवा, पाय आपोआप हलतो.

बाखशी माझी मैत्री उशिरा झाली. गूल्डनं पहिली 'गोल्डबर्ग' १९५५ साली वाजवली, वय २२. दुसरी १९८१मध्ये, वय ४८. दोन्ही न्यूयॉर्कच्या त्याच स्टुडिओत, पूर्वी चर्च असलेल्या इमारतीत, जिथे 'काइंड ऑफ ब्लू' झाला. पहिली साधारण ३८ मिनिटांची, दुसरी ५१. आख्खं घेण्याआधी दोन्हींची फक्त सुरुवातीची धून पाठोपाठ लावा. तरुणपणीची दोन मिनिटांच्या आत संपते, दुसरीला तीन मिनिटं लागतात. मग पुढच्या तीस रूपांत उजव्या हाताच्या मागे धावू नका. डावा हात धरा. वरची नक्षी दर वेळी नवी, पण पाया सुरुवातीच्या धुनेचाच, एका बंदिशीवर तीस तऱ्हेची बढत असावी तसा. आणि मागे बारीक गुणगुणणं ऐकू आलं तर इअरफोन खराब नाही. गूल्ड वाजवताना गुणगुणायचा.

कुमारांच्या बाबतीत मी निष्पक्ष नाही. ते बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले, १९२४ साली, घरची भाषा कन्नड. क्षयानं एक फुफ्फुस गेलं, काही वर्षं गाणं बंद राहिलं, आणि मग देवासच्या त्या घरातून माळव्यातली लोकधून आणि कबीर घेऊन ते परत आले. निर्गुणी भजनं ऐकताना स्वर सोडा, थांबे ऐका. तुकडा फेकतात आणि थांबतात. त्या थांब्यात तंबोरे किती मोठे होतात ते बघा. पहिल्यांदा माझ्या कागदावर प्रत्येक भजनापुढे ठिपका आणि प्रश्नचिन्ह अशी जोडी होती, अजूनही आहे.

'नित्योत्सव'साठी एक वेगळी सोय करा. आपल्याला बाजारातलं कन्नड येतं, कवितेचं येत नाही. पहिलं ऐकणं अर्थाशिवाय, दुसरं एखाद्या कन्नड शेजाऱ्याजवळ बसून. लाजायचं कारण नाही. धारवाडच्या द. रा. बेंद्र्यांची मातृभाषा मराठी, आणि ज्ञानपीठ मिळालं ते 'नाकु तंती' या कन्नड संग्रहाला. नाकु तंती म्हणजे चार तारा, तंबोऱ्याला असतात तेवढ्या.

न आवडलेल्याचं काय

तीन संधी द्या: वेगळी वेळ, वेगळं यंत्र, आणि एकदा दुसरं काम करताना मागे चालू ठेवून. तरीही जमलं नाही तर का नाही ते पानभर लिहा आणि सोडून द्या. बीटल्सच्या १९६७च्या 'सार्जंट पेपर'मध्ये त्यांच्यातल्या जॉर्ज हॅरिसनचं एक भारतीय वाद्यांवरचं गाणं आहे. पहिल्यांदा मला राग आला होता. "आमचं सामान उसनं नेऊन दिवाणखान्यात मांडलंय," असं लिहिलं. तिसऱ्या खेपेला दिलरुबा, ते गजानं वाजवायचं तंतुवाद्य, गाणाऱ्या आवाजाच्या मागे सावलीसारखा चालतोय हे ऐकू आलं, आणि ती साथ आपल्याच रीतीची आहे हे पटलं. राग अर्धा उतरला. अर्धा अजून आहे, आणि वहीत दोन्ही आहेत.

घरात जुन्या कॅसेटी, तबकड्या असतील तर

पावसाळ्यातल्या दमटपणानं त्यांचं फार नुकसान होतं. कॅसेट उजेडात धरून फितीच्या कडेला पांढरे ठिपके दिसतात का बघा. दिसले तर ती बुरशी. तशीच वाजवली तर यंत्राच्या तोंडाला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. आधी सगळी कॅसेट हातानं, पेन्सिल घालून, एकदा पुढे-मागे फिरवा. चिकटलेली फीत यंत्रानं ओढली तर तुटते. लाँग प्ले तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, एकावर एक थप्पी घातली की वाकतात.

आणि ७८च्या तबकडीला स्पिरिट लावू नका. त्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एका दुकानदाराच्या सांगण्यावरून आजोबांची नाट्यपदाची तबकडी मी कापसानं स्पिरिट लावून पुसली. कापूस काळा झाला. मला वाटलं मळ निघतोय. निघत होत्या त्या खाचा, म्हणजे गाणं. ती तबकडी मी टाकलेली नाही, माडीवर भिंतीला लावून ठेवली आहे. लाखेची तबकडी कोरड्या मऊ कापडानं, खाचांच्या दिशेनं पुसायची, एवढंच.

कुणाबरोबर तरी

पहिलं ऐकणं एकट्यानं, दुसरं किंवा तिसरं कुणाबरोबर तरी. ज्याला त्या प्रकारातलं काहीच माहीत नाही असा माणूस सगळ्यात उत्तम. त्याला आधी काही सांगू नका, ऐकताना त्याच्या तोंडाकडे बघू नका, आणि संपल्यावर "कसं वाटलं?" असं विचारू नका, त्याला "छान" हेच उत्तर मिळतं. "कुठं कान टवकारला?" असं विचारा.

एक शेवटचं काम उरतं. अल्बम संपल्यावर लगेच त्याचं पहिलं मिनिट पुन्हा लावा. 'गोल्डबर्ग'मध्ये तीस रूपं झाल्यावर सुरुवातीची धून जशीच्या तशी परत येते. 'डार्क साइड' छातीच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि त्यांवरच मावळतो. गीतरामायणात कुश-लव रामापुढे गायला उभे राहतात तिथून कथा निघते, आणि ५६व्या गीतात वाल्मीकी त्याच बाळांना रामायण गा म्हणून सांगतात. तिन्ही ठिकाणी शेवट ऐकून आलेला कान पहिलं मिनिट वेगळं ऐकतो. ते वेगळं काय, याला वहीत दोन ओळी राखून ठेवा.

मागच्या शनिवारी 'नित्योत्सव' लावली तेव्हा मागवाले काका आले होते. माझं लिहून झाल्यावर त्यांनी वही मागून घेतली आणि माझ्या नोंदीखाली सहा ओळी कन्नडमध्ये लिहिल्या. मला छापील कन्नड वाचता येतं, त्यांचं वळणदार अक्षर लागेना. मग त्यांनीच वाचून दाखवलं, आणि मी पलीकडच्या पानावर ते मराठीत उतरवून घेतलं. तिसऱ्या ओळीतल्या एका शब्दावर आम्ही अकरा वाजेपर्यंत अडलो होतो. येत्या शनिवारी ते त्यांच्या थोरल्या मुलीला विचारून येणार आहेत, आणि मी 'काइंड ऑफ ब्लू' काढून ठेवला आहे.